फिकट पतंगाचं नाव

जिन्यात मला अर्धवटच ऐकू आलं, "हर्डीकर सर यादीतून नाव काढणार..." यादी शेजारच्या मृण्मयीची, पतंगांच्या प्रजातींची होती. दिव्यावर येणाऱ्या हिरव्या पतंगांवर ती तीन वर्षं अभ्यास करतेय. विरजण मागायच्या निमित्ताने मी रिकामी वाटी घेऊन लगेच तिच्याकडे गेले.

तिचे मार्गदर्शक हर्डीकर सर तिथेच बसून तिला सांगत होते, "हा पतंग फिकट आहे, म्हणजे प्रजाती नवी. तिला मी माझं नाव दिलंय. यादीवर सही कर, नाहीतर संशोधनातून तुला काढतो."

मृण्मयी शांतपणे म्हणाली, "सर, हाही हिरवाच होता, जुना होऊन फिकटलाय. तुमच्या लग्नाच्या फोटोत तुमचे केस काळेभोर आहेत. आता पांढरे झाले, म्हणून काकू तुम्हाला दुसरा माणूस समजतात का?"

सरांनी पांढऱ्या केसांवरून हात फिरवला, पेन मागितलं आणि यादीतलं एक नाव खोडलं. ते त्यांचं स्वतःचं होतं. मी विरजण न घेताच परत आले.