मोरदरची झेलू वैदीण

गिरणेवर अजून कुणी धरण बांधलं नव्हतं, तेव्हाची ही गोष्ट. नदीकाठच्या मोरदर गावात भिवसन वैद्य राहायचा. मुतखड्यानं तळमळणारी माणसं लांबलांबून गाडीत घालून त्याच्याकडे आणत. बारीक पात्याच्या चाकूनं छेद घेऊन तो खडा बाहेर काढायचा. तेव्हा भूल नव्हती. रोग्याचे गुडघे घट्ट धरून बसायची त्याची लेक झेलू. बापाचा हात कुठं वळतो, कुठं थांबतो, ते बघतच ती मोठी झाली.

एका उन्हाळ्यात भिवसनचीच लघवी अडली. तो म्हणाला, "झेलू, चाकू घे."

"आबा, तुम्ही गेलात तर? बापाला मारलं म्हणतील मला."

भिवसननं कळ दाबत सारा गाव अंगणात बोलावला. "वाचलो तर पोरीच्या हाताला यश. मेलो तर माझ्या खड्यानं मेलो. तिला कुणी बोल लावायचा नाही. कबूल?"

गाव म्हणाला, "कबूल."

असं म्हणतात, झेलूनं चाकू लावला तेव्हा गिरणेचं पाणी वाहायचं थांबलं. खडा निघाला, आवळ्याएवढा. भिवसननं तो तळहातावर घेऊन पाहिला आणि हसला. पण पुढं ताप चढला, आणि त्या तापातच तो गेला.

गावानं शब्द पाळला. कुणी अवाक्षर काढलं नाही. झेलूनं मात्र स्वतःला माफ केलं नाही. चाकू तिनं आढ्याला खोचून टाकला.

दहाव्याला नदीवर पिंड ठेवला, तर कावळा शिवेना. भावकीनं हात जोडले, "झेलूला आम्ही सांभाळू." शिवेना. "तिचं लग्न थाटात लावू." तरी शिवेना. ऊन डोक्यावर आलं. इतक्यात पलीकडून एक बैलगाडी उतरली. आत एक तरणा गडी कण्हत होता. वैद्य गेल्याचं त्या लोकांना ठाऊकच नव्हतं. झेलू गाडीकडे बघत राहिली. मग पिंडापुढं बसून म्हणाली, "आबा, याचा खडा मी काढते."

असं म्हणतात, कावळ्यांनी सारा काठ काळा झाला.

तो गडी वाचला. पुढं म्हातारी होईतो झेलूनं किती जणांना मोकळं केलं, त्याची गणती नाही. काही दगावलेही. त्यांच्यासाठी ती रडायची, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा चाकूला धार लावायची.

आता शहरातल्या दवाखान्यात बारीक नळी घालून, किरण सोडून खड्याचा भुगा करतात. चार दिवसांत माणूस कामाला लागतो. पण कुठल्याही दुखण्यात मोरदरचं माणूस डॉक्टरांच्या हाताखाली दगावलं, तर दहाव्याच्या आत घरातलं कुणीतरी दवाखान्यात जातं, डॉक्टरांच्या हातात नारळ देतं आणि झेलूचं नाव घेऊन एवढंच म्हणतं,

"पुढच्याला हात लावा."