भरतीची रेषा

खूप पूर्वी, मकरपट्टण नावाच्या बंदरात सुयाम राजाचे राज्य चालू असताना, बोधिसत्त्वाचा जन्म एका मासेमाराच्या घरी झाला. त्याचे नाव क्षेमक. होडीतच वाढल्यामुळे तो वारा, पाणी आणि माणसे ओळखायला शिकला. पुढे त्याचे शहाणपण पाहून राजाने त्याला किनाऱ्याचा अमात्य नेमले. अमात्य झाल्यावरही तो खाडीकाठच्या आपल्या वडिलांच्या घरातच राहत असे.

त्या खाडीच्या दोन्ही काठांना खाऱ्या चिखलात वाढणाऱ्या तिवरांचे बन होते. क्षेमकाकडे अधिकार आला तेव्हा ते निम्मेच उरले होते. मीठ आटवणारे सरपणासाठी झाडे तोडत, घरे बांधणारे वाशांसाठी तोडत. झाडे गेली तशी चिखल धरून ठेवणारी मुळे गेली, मुळांत लपणारी माशांची पिल्ले गेली, आणि मोठ्या भरतीचे पाणी वस्तीत शिरू लागले. तेव्हा क्षेमकाने राजाकडून एक आज्ञा काढवून घेतली. तिच्यात दोनच गोष्टी होत्या. मासे अंडी घालतात ते दोन महिने खाडीच्या मुखाशी कोणी जाळे लावू नये. आणि भरतीच्या रेषेच्या आतली जमीन कोणा एकाची नाही, तिथले झाड कोणी तोडू नये.

क्षेमकाने स्वतःच्या हाताने रोपेही लावली, आणि दहा वर्षांत बन पुन्हा दाट झाले. मासळी परतली, घरांत पाणी शिरायचे थांबले. कोणी न सांगता लोक त्या झाडीला ‘क्षेमकाचे बन’ म्हणू लागले.

याच राजाचा तिष्यदत्त नावाचा नगरामात्य होता. तो घाटावरचा. कामसू होता, हाताचा स्वच्छ होता. नगरातले रस्ते, विहिरी, धर्मशाळा त्यानेच बांधल्या होत्या. पण क्षेमकाचे कौतुक कानी पडले की त्याच्या छातीत काहीतरी चावल्यासारखे होई.

एके दिवशी त्याची पालखी बाजारातून जात होती. उंबरी नावाची म्हातारी कोळीण टोपली पुढे घेऊन ओरडत होती, “कालवं घ्या, क्षेमकाच्या बनातली कालवं!”

तिष्यदत्ताने पालखी थांबवली. “आजी, ते बन राजाचे आहे. क्षेमकाचे कधीपासून झाले?”

“राजाचं असेल हो,” उंबरी म्हणाली, “पण चिखलात उतरून रोपं लावायला राजा काही आला नव्हता.” शेजारच्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या.

“बरे. आणि ते समोरचे तळे कोणाचे?” ते तळे त्याने स्वतः तीन उन्हाळे उभे राहून बांधून घेतले होते.

“ते होय? ते धुण्याचं तळं.”

तिष्यदत्ताने पालखी पुढे न्यायला सांगितले. त्या दिवशी त्याला जेवण गेले नाही. ताटात कालवेच वाढली होती.

पुढे काही दिवसांनी परदेशच्या व्यापाऱ्यांनी राजाकडे खाडीकाठी वखारी बांधायला जागा मागितली. आज्ञेमुळे राजा अडला. तेव्हा तिष्यदत्ताने ती आज्ञा काढून पुन्हा पुन्हा वाचली. ‘भरतीची रेषा’ एवढेच तिच्यात होते. कोणती भरती, ते लिहिलेच नव्हते.

किनाऱ्यावर जन्मलेल्या माणसाला ते लिहावेसे वाटलेच नसते. अमावास्या-पौर्णिमेला उधाण येते, पाणी लांबवर चढते. अष्टमीच्या सुमाराला भांग असतो, तेव्हा पाणी जेमतेम बनाच्या पायाशी येऊन परत फिरते. सीमा म्हटली की ती उधाणाचीच, हे तिथे सगळेच धरून चालत. तिष्यदत्ताने हे अर्धवट ऐकलेले होते. विचारले असते तर कोणीही नीट सांगितले असते, आणि म्हणूनच त्याने कोणाला विचारले नाही.

तो अष्टमीला खाडीवर गेला आणि पाणी पोहोचले तिथे त्याने खुंट्या ठोकवल्या. सगळे बन खुंट्यांच्या बाहेर, कोरड्या जमिनीत आले.

“महाराज,” तो सभेत म्हणाला, “भरती या खुंट्यांपर्यंतच येते. पलीकडची जमीन क्षेमकाने दहा वर्षे उगीच अडवली आहे. आणि लोक ती त्याच्याच नावाने ओळखतात, हेही ध्यानात घ्यावे.”

राजा खिन्न झाला. अमावास्येच्या दुसऱ्या दिवसापासून बन तोडायला त्याने परवानगी दिली.

ही बातमी कळताच उंबरी क्षेमकाच्या अंगणात येऊन बसली. “आता तू गप्प राहा,” ती म्हणाली. “अमावास्येला राजाला किनाऱ्यावर आण. त्या घाटवाल्याच्या खुंट्या सगळ्या गावासमोर बुडू देत. बघ कसं तोंड होतं त्याचं!”

क्षेमक विचारात पडला. तसे केल्याने बन यंदा वाचेल, हे त्याला दिसत होते. पण चारचौघांत फजिती झालेला माणूस आज्ञेतली दुसरी फट शोधत बसेल. आणि ही फट तर आपणच ठेवलेली आहे.

तो एकटाच तिष्यदत्ताच्या घरी गेला. “माझ्या लिहिण्यात चूक राहिली,” तो म्हणाला. “अमावास्येला दुपारी माझ्याबरोबर होडीतून चला.”

“माझी शोभा करायला?”

“तिसरे कोणी नसेल.”

अमावास्येला भर दुपारी दोघे निघाले. खुंट्या केव्हाच पाण्याखाली गेल्या होत्या. होडी झाडांमधून सरकत होती. मुळांच्या जाळीत बोटाएवढी पिल्ले हजारोंनी फिरत होती. पलीकडच्या मोकळ्या किनाऱ्यावर लाटा आपटत होत्या, पण बनात आलेले पाणी थकून चालावे तसे चालत होते.

 तिष्यदत्त म्हणाला, “मला समजले. पण मी हे राजाला सांगणार नाही. उद्या लोक म्हणतील, क्षेमकाने त्याला शिकवले. मी तीन उन्हाळे तळे बांधले, क्षेमक. त्याला ते धुण्याचे तळे म्हणतात.” आणि आपण हे बोलून बसलो, याची त्याला लाज वाटली.

क्षेमकाने वल्हे आडवे ठेवले. “मग रेषा तुम्हीच आखा,” तो म्हणाला. “उधाणाचे पाणी जिथे टेकेल तिथे दगड घाला, त्यावर तुमची मुद्रा असू द्या. नव्या आज्ञेत ‘उधाणाची भरती’ असे स्पष्ट लिहा. जुनी आज्ञा अपुरी होती, हे मी स्वतः सांगेन. ते खरेच आहे.”

त्याच संध्याकाळी सभेत क्षेमकाने तसेच सांगितले. राजाने तोड थांबवली, पण तो रागावला. एका शब्दापायी आपण बन गमावून बसलो असतो, असे म्हणून त्याने क्षेमकाची मुद्रा काढून घेतली आणि किनाऱ्याचा अधिकारही तिष्यदत्ताला दिला. तिष्यदत्त खाली मान घालून उभा राहिला.

पौर्णिमेच्या उधाणाला दगड बसू लागले. सारे गाव जमले होते. बायकांनी पहिल्या दगडाला हळदकुंकू वाहिले आणि तिष्यदत्ताच्या नावाने जयजयकार केला. गर्दीत उभ्या असलेल्या क्षेमकाच्या छातीत त्या क्षणी काहीतरी चावले. ‘रोपे मी लावली,’ असे त्याच्या मनात आले. तेव्हा त्याला कळले, हा माणूस इतकी वर्षे काय सोसत होता. मत्सर ओसरेपर्यंत तो तिथेच थांबला. मग त्याने पहार उचलली आणि गडीमाणसांबरोबर कामाला लागला.

एकेक दगड बसत शेवटचा दगड क्षेमकाच्या अंगणात आला. उधाणाचे पाणी जोत्याला वळसा घालून त्याच्या घराच्या मागच्या उंबऱ्याला लागले होते. आजवर रेषा कोणी मोजली नव्हती; आता घर तिच्या आत पडत होते. नव्या आज्ञेप्रमाणे ते तिथून काढावे लागणार होते.

तिष्यदत्त जवळ येऊन हलकेच म्हणाला, “हा दगड दहा पावले खाली घालू. कोणी बोलणार नाही.”

“पुढच्या वर्षी वखारवाला हेच म्हणेल,” क्षेमक म्हणाला, आणि उंबऱ्यापाशी खणू लागला.

तिष्यदत्ताने अंगावरचे उपरणे काढून ठेवले. तो गुडघाभर चिखलात उतरला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, “भांगाच्या दिवशी खुंट्या मी ठोकल्या होत्या. मत्सराने ठोकल्या होत्या.”

 क्षेमकाने दगडाची एक बाजू धरली. “अमात्य, दुसरी बाजू धरा,” तो म्हणाला. “आणि खड्डा अजून वीतभर खोल हवा. उधाणात दगड हलतो.”

एवढी कथा सांगून शास्त्याने, म्हणजे भगवान बुद्धांनी, पूर्वजन्मीची ओळख पटवली. त्या वेळचा राजा सुयाम म्हणजे आजचा आनंद. म्हातारी उंबरी म्हणजे विहाराच्या दारी रोज भिक्षा घालणारी वृद्ध उपासिका. शेजारच्या कुटीतल्या भिक्षूला लोक जास्त मान देतात म्हणून जो मनात जळत होता, आणि ज्याच्यासाठी ही कथा सांगितली गेली, तो भिक्षू तेव्हा तिष्यदत्त होता. आणि क्षेमक म्हणजे स्वतः तथागत. आपण लावलेल्या झाडाची सावली दुसऱ्याच्या नावाने ओळखली गेली तरी मनाने आनंदित राहणे, या गुणाला मुदिता म्हणतात. त्या जन्मी बोधिसत्त्वाने ती पूर्णत्वाला नेली.