पेनात पक्की शाई

दौतीतून शाई भरायच्या काळातली ही गोष्ट. गोदूचा शाळेचा दाखला होडीत भिजून कोरा झाला, म्हणून शाळेतल्या कुमुदबाईंनी नवा दाखला लिहायला आपल्या पेनात पहिल्यांदाच पक्की शाई भरली. पेन बेचैन झालं. ‘आता चुकलं तर कायमचं!’ या धास्तीने ते कागदावर उमटेचना. बाईंनी झटकलं, तरी अडूनच राहिलं.

आतून शाई म्हणाली, “अरे, असं कोंडून ठेवलंस तर तुझ्या घशातच वाळेन मी. मग बरोबरही लिहिता यायचं नाही तुला.”

घसा खरंच आवळत चालला होता. पेनाने थरथरत ‘गोदावरी’ लिहिलं. ‘व’ वाकडा झाला. शाई वाळल्यावर बाईंनी नावावर ओलं बोट फिरवलं. अक्षर हललं नाही, वाकडेपणही नाही. पेन शरमलं.

“बाई, माझं नाव राहिलं!” गोदू हरखून ओरडली.

पेनाने आडनाव जरा धिटाईने लिहिलं.