फेट्याखालचा घाम

सत्कार आटोपला तरी साखर कारखान्याचे चेअरमन रंगराव फेटा आणि शाल उतरवायला तयार नव्हते. वाटेतल्या गावांनी बघायला नको का? पण रेल्वे फाटकाशी त्यांची मोटार थांबली आणि इंजिनातून वाफा निघाल्या. शेजारीच शेवंताबाईंचं गॅरेज होतं. गाडी तिथे ढकलत नेली आणि रंगराव थेट पंख्यासमोरच्या खुर्चीत जाऊन बसले.

"पळताना थंडगार, उभी राहिली की तापते! खोट गाडीत नाही, या गहिनीत आहे," ते ड्रायव्हरवर गरजले. "आजपासून तू घरी बस!"

गहिनीचा चेहरा पडला. शेवंताबाईंनी गाडी निवू दिली, पाणी भरलं, जागेवरच चालू ठेवली आणि पुढच्या जाळीतून आत डोकावून पाहिलं. मग हात पुसत त्या आल्या आणि त्यांनी रंगरावांचा पंखा बंद केला.

थोड्याच वेळात फेट्याखालून घामाच्या धारा लागल्या.

"बाई, जीव उकडला माझा!"

"मग काढा गहिनीला. त्याचाच दोष असणार."

"त्याचा काय संबंध? पंखा तुम्ही बंद केलात!"

"तेच म्हणते मी. गाडी पळते तेव्हा समोरचा वारा तिला निववतो. उभी राहिली की तिची सगळी भिस्त पंख्यावर, आणि तिचा पंखा बंद पडलाय. आता सांगा, आधी कुणाचा चालू करू?"

रंगरावांनी फेटा उतरवला.

"दोन्ही करा, बाई. आणि गहिनी, निघालास कुठे? गाडी कोण चालवणार?"