शेवटच्या नंबरची शाळा

"माझ्या राज्यातली पहिल्या नंबरची शाळा कोणती?"

राजा रणधवलानं भर दरबारात विचारलं. झालं होतं असं, की शेजारच्या राज्याच्या वकिलानं जेवता जेवता हाच प्रश्न टाकला होता आणि रणधवलाला उत्तर देता आलं नव्हतं. काव्य, तर्क, गायन, गणित, चित्र अशा सगळ्या विद्या एका छपराखाली शिकवणाऱ्या शाळा देवगव्हाणच्या राज्यात बक्कळ होत्या. पण त्यांतली पहिली कोणती नि शेवटची कोणती, हे कुणाच्या बापाला ठाऊक! राजा मोठा हट्टी. त्यानं हुकूम सोडला, "आठवड्याच्या आत नंबर लावा! पहिलीवर सोन्याचा कळस चढवीन. शेवटचीला कुलूप!"

प्रधान त्र्यंबकपंतांनी बाजारात माणसं पाठवली. ज्या शाळेचं नाव लोकांच्या तोंडी जास्त, ती वर. शिवाय शाळांच्या कमानी मोजल्या, घंटा बडवून पाहिल्या, पंडितांच्या पगड्या हातात घेऊन वजनाचा अंदाजही घेतला. खुद्द गुरूंना विचारलं, तर जो तो म्हणे, "पहिली आमचीच! आणि शेवटची म्हणाल, तर ती आमराईतली." एवढ्यावर मात्र सगळ्यांचं एकमत.

आमराईतली शाळा केरोबा गुरुजींची. ना कमान, ना घंटा, वर गळकं छप्पर. माहुताची पोर साळू तिथं शिकायची. अंगाला हत्तीखान्याचा वास येतो म्हणून बाकी कुणी तिला उंबऱ्याच्या आतही घेतलं नव्हतं. ही शाळा बंद झाली, की साळूचं शिकणंच संपणार होतं. बड्या पंडितांच्या मुलांची काय काळजी! बापानं पोटच्या पोराचा गुरू व्हायचं नाही, हा देवगव्हाणचा जुना रिवाज. त्यामुळे ती सगळी मुलं म्हणे मामाच्या गावी शिकत.

ठरल्या दिवशी कळस वाहून न्यायला साळूचा बाप हैबती हत्ती घेऊन दरबाराशी आला. साळूही आली होती. आत प्रधान वाचत होते, "पहिली कलशेश्वराची! दुसरी मयूरशाळा! तिसरी कमळपूरची!"

साळूला हसू आवरेना.

"कोण हसलं?" राजा गरजला.

"मी, महाराज. कमळपूरची शाळा तुमच्या आजोबांच्या वेळीच बंद पडली. तिथं आता म्हशी बांधतात!"

प्रधानांचा चेहरा लालबुंद झाला. "पण लोकांनी नाव घेतलं, महाराज! नावलौकिक तो नावलौकिक!"

"लागले ते नंबर लागले! पुढं वाचा!" राजा म्हणाला.

"आणि सगळ्यांत शेवटची, आमराईतली."

साळूनं इकडंतिकडं पाहिलं. समोर कलशेश्वराचे शंभुशास्त्री पोटावरून हात फिरवत खुशीत हसत होते. त्यांच्याकडे बघता बघता तिच्या मनात काहीतरी आलं आणि ती सरळ पुढं झाली.

"महाराज, शाळेला कुलूप लावाल, पण पोरांचं काय? शेवटच्या शाळेची पोरं ती, त्यांना दुसरं काय जमणार! हत्तीखान्यात शेणाचा डोंगर झालाय. द्या त्यांच्या हाती टोपल्या. मी उचलतेच, बाकीचे पण येऊ देत!"

"अगं ए कार्टे!" हैबतीनं कपाळावर हात मारला.

राजाला मात्र ते भारी आवडलं. "ठरलं! शिपाई, आमराईतलं एकूण एक पोर उचलून आणा! शेवटच्या शाळेनं शेण काढायचं. राजाचा शब्द फिरत नाही!"

शंभुशास्त्र्यांचा हात पोटावरच थांबला. "महाराज, शेण म्हणजे... हत्तीचं?"

"मग काय मोराचं?"

"तसं नव्हे. पण कोवळे हात हो पोरांचे. निदान एकाला सूट मिळाली तर... आमच्या गजाननाला."

"तो मामाच्या गावी ना?"

"मामा आमराईलगतच राहतो त्याचा," शास्त्री पुटपुटले.

तसे मयूरशाळेचे नरहरबुवा ताडकन उठले. "मग आमच्या रंगनाथालाही सूट हवी!" मागून कुणी ओरडलं, "आमच्या दोघांना!" शेवटी प्रधान खाकरले आणि हळूच म्हणाले, "माझा नातू..."

राजाचा आ वासला तो मिटेना. "अहो शास्त्रीबुवा, मग तुमचा गजानन मयूरशाळेत का नाही? ती तर दुसऱ्या नंबरची!"

"तिथं नुसती घोकंपट्टी, महाराज!"

"आणि तुमच्याकडं घंटेखेरीज काय वाजतं?" नरहरबुवा खवळले.

दोघांना गप्प करून राजानं साळूकडं पाहिलं. "पोरी, तूच सांग. पहिली शाळा कोणती?"

"मी कशाला सांगू, महाराज? यांनीच सांगितलं की! तोंडानं सांगायचं होतं तेव्हा ज्यानं त्यानं आपापली सांगितली. पोटचं पोर घालायची वेळ आली तेव्हा सगळ्यांनी एकच निवडली!"

राजा असा हसला, असा हसला, की मुकुट मांडीवर घसरला. "कळस आमराईवर चढवा!"

"कळस नको, महाराज. वर सोनं आणि खाली पोरं ओलीचिंब! त्यापेक्षा कौलं द्या."

"कौलं दिली, आणि हा घे माझा कंठा!" राजानं गळ्यातला मोत्यांचा कंठा तिच्या गळ्यात घातला. मग तो पुन्हा हट्टाला पेटला. "पण माझा शब्द? शेवटच्या शाळेनं शेण काढायचं म्हणजे काढायचं! आता शेवटची कोणती?"

"कमळपूरची!"

"तिथं तर नुसत्या म्हशी आहेत!"

"मग म्हशींना तिसरा नंबर ज्यांनी दिला, ते येतील की!"

दरबारात हशाचा गडगडाट झाला. राजा तर सिंहासनावर आडवाच पडला. त्र्यंबकपंतांनी गुपचूप धोतर वर खोचलं आणि हैबतीनं त्यांच्यासाठी एक टोपली काढून ठेवली. त्यातल्या त्यात नवी.