टेकाडातला अंगठा

गोष्ट फार जुनी आहे; पण त्या गावाबाहेरचं टेकाड गोष्टीहूनही जुनं. पालथ्या परातीसारखं गोल. त्यावर ना नांगर चाले, ना कुदळ.

“का?” कुंभाराची लेक विचारायची.

“आत राक्षस निजलाय,” गावचे म्हातारे सांगायचे.

“तुम्ही पाहिलाय?”

“जीभ आवर, पोरी! बापाच्या चाकापेक्षा जास्त फिरते.”

एका वर्षी पिकं खुरटली. टेकाडाची पांढरी माती शेतात टाकली, तर कणसं हातभर येतील, असं कुणीतरी पाटलाच्या कानावर घातलं. पाटलाने पहिली कुदळ मारली. म्हाताऱ्यांनी डोळे गच्च मिटले.

काहीच झालं नाही.

“कुठाय तुमचा राक्षस?” पाटील हसला. “की तोही तुमच्यासारखा बहिरा झालाय?”

दुपारपर्यंत अख्खं गाव पाट्या घेऊन आलं. कुंभाराची लेकही आली, सगळ्यांच्या पुढे. राक्षस खोटा निघाला, याचा तिला कोण आनंद!

तेवढ्यात तिची कुदळ खापराला लागली.

तिने हातांनी माती सारली. आत दोन मडकी, तोंडाला तोंड लावून आडवी निजवलेली. फुटक्या जागेतून दिसली बोटाएवढी हाडं आणि शंखाच्या मण्यांची इवलीशी माळ.

मडक्याच्या गळ्याभोवती अंगठ्याचे ठसे होते, प्रत्येक ठसा जरासा डावीकडे कललेला. मडकं घडवताना असाच अंगठा तिची आजी दाबायची, आई दाबायची, ती स्वतः दाबायची. तिने एका ठशात आपला अंगठा ठेवला.

नेमका बसला.

किती हजार पावसाळे वरून वाहून गेले असतील! आणि ठसा असा, जणू माती अजून ओली आहे.

“पाटील,” ती कशीबशी म्हणाली, “राक्षस नाही, तान्हं बाळ आहे. आणि मडकं आमच्या घरचं आहे.”

पाटील वाकला. त्याने पाहिलं. मग गुपचूप पायातल्या वहाणा काढल्या.

“आम्हालाही राक्षसच सांगितला होता गं,” सर्वांत म्हातारा पुटपुटला.

“कारण तुम्ही ‘का’ विचारलंच नाहीत, आजोबा!”

माती पाटी-पाटीने परत टेकाडावर गेली. त्या वर्षी कणसं बोटभरच आली. पण टेकाडावर पुन्हा कुदळ पडली नाही, आणि राक्षसाचं नावही कुणी काढलं नाही.

तात्पर्य: भीतीचा पहारा एका कुदळीने मोडतो, ओळखीचा पहारा कशानेच मोडत नाही.