कोळीदादाने धंदा बदलला

एकदा सकाळी बरोबर सव्वासात वाजता गोठ्यात बातमी उडाली, की कोळीदादाने जाळी विणायचा धंदा सोडला. यापुढे तो फक्त मुलांचे खेळ घेणार.

माशीची पिल्लं नाचायला लागली. "आई, आम्ही जातो!"

आईचा जीव खालीवर झाला. "थांबा रे मेल्यांनो! कोणी सांगितलं?"

"डासकाकांनी."

"आणि त्यांना?"

"कोळीदादानेच!"

"असं होय? आणि खेळ कसला म्हणे?"

"झोपाळ्याचा! नवाकोरा बांधलाय."

"कशाचा बांधलाय?"

 धाकटी हळूच म्हणाली, "चिकट दोऱ्याचा."

आईने सगळ्यांना पंखाला धरून मागे ओढलं आणि म्हशीच्या शिंगावर बसलेल्या जावेला हाक मारली, "अहो जाऊबाई, तेवढं पलीकडच्या गोठ्यात कळवा हो! तिथली पोरं झोपाळ्यासाठी नंबर लावून बसलीत!"